सोळा नंबरचं वजन

१

ज्या वर्षी मावशींच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन तान्ही, एक बाळंतीण आणि राबायला मावशी एकट्या. इस्पितळाचं तोंड आता पुन्हा पाहायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पुष्कळ पाहून झालं होतं. उभी हयात त्यांनी तिथल्या तळमजल्यावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. आतड्यातून काढलेली गाठ साधी की कर्करोगाची, हे मावशींनी सांगायचं आणि मग वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरादाराच्या तोंडचं पाणी पळायचं. निवृत्त होऊन घरी बसल्या तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं.

एका सकाळी त्या गॅलरीत दुपटी वाळत घालत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. त्यांचा एक जुना विद्यार्थी बोलत होता. तो आता संशोधन विभागाचा प्रमुख झाला होता. सगळे त्याला डॉक्टरसाहेब म्हणत, मावशी अजून 'अरे' म्हणत.

"मावशी, आमच्याकडे चोरी झालीय."

"मग पोलिसांना सांग. मला दुपटी वाळत घालायचीत."

"पोलिसांना समजावता येणार नाही. गेलं काहीच नाही. एका माणसाचं रक्त बदललंय."

मावशींच्या हातातलं दुपटं हातातच राहिलं.

"कुणाचं?"

"आपल्या चष्मेवाल्यांचं." पलीकडे आवाज जरा अडखळला. "आणि मावशी, ते आता फार दिवसांचे सोबती नाहीत."

२

चष्मेवाल्यांचं दुकान इस्पितळाच्या फाटकासमोरच होतं. अर्ध्या इस्पितळाच्या नाकावरचे चष्मे त्यांच्याच हातचे. मावशी दुकानात शिरल्या की ते हमखास म्हणायचे, "तुम्ही यंत्रातून बघता ते दिसतं, आणि समोरची पायरी दिसत नाही? कमाल आहे!" अशा माणसाच्या आतड्यात गाठ निघाली. आदल्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. गाठ आतड्याच्या भिंतीतून आरपार गेलेली, पण जवळच्या लसग्रंथींत, म्हणजे अवधाणांत, उतरलेली नव्हती. अशा पेशंटचं नेमकं काय करावं, यावर डॉक्टरांचं कधी एकमत होत नाही. ऑपरेशननंतर केमो द्यावी तर कित्येकांना उगाच त्रास, न द्यावी तर काहींचा रोग उलटतो. ही अडचण सोडवण्यासाठीच डॉक्टरसाहेबांचं संशोधन चाललं होतं.

"तुम्हाला काय सांगायचं," असं म्हणत त्यांनी समोर येऊन बसलेल्या मावशींना सगळं सांगितलंच.

पेशीच्या आत सतत हुकूम सुटत असतात: हे बनव, ते थांबव, आता वाढ, आता पुरे. मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले तुकडे हे हुकूम मधल्यामध्ये अडवतात. निरोगी आतड्यात हे अडवणं मापात चालतं. कर्करोगात त्यातले काही तुकडे रोडावतात, काही बेसुमार वाढतात. एकवीस नंबरचा तुकडा माजला की वाढीला लगाम घालणारे हुकूमच अडून पडतात आणि गाठ मोकाट सुटते. हे तुकडे रक्तातही उतरतात. म्हणून ऑपरेशनच्या आधी पेशंटचं रक्त घ्यायचं आणि त्यात एकवीस नंबर किती आहे ते मोजायचं. जास्त निघाला तर रोग उलटायचा धोका मोठा, त्याला केमो. कमी निघाला तर त्याची सुटका.

"चष्मेवाल्यांचा कमी निघाला होता," डॉक्टरसाहेब म्हणाले. "कळलं त्या दिवशी त्यांनी अख्ख्या वॉर्डाचे चष्मे पुसून दिले होते."

"आणि आता?"

"आता रोग यकृतात पोचलाय. म्हणून आम्ही ऑपरेशनच्या वेळची जपून ठेवलेली गाठ पेटीतून काढून तपासली. तिच्यात एकवीस नंबर नुसता उतू जातोय. गाठीत एवढा आणि त्याच दिवशीच्या रक्तात जवळजवळ नाहीच? थोडा फरक मी समजू शकतो. एवढा नाही. ते रक्त त्यांचं नव्हतंच, मावशी. कुप्या बदलल्या."

"कुणी?"

डॉक्टरसाहेबांनी काचेच्या दाराकडे नुसतं पाहिलं. दारापलीकडे बाकावर एक काटकुळी मुलगी बसली होती. मांडीवर निळे हातमोजे, आणि त्यांची बोटं ती एकेक करून सरळ करत होती. ही प्रयोगशाळेतली टेक्निशियन. बारीक चणीमुळे सगळे तिला चिमणी म्हणत.

"नमुना आला की कुपीत भरणं, चिठ्ठी लावणं, सगळं तिच्याच हातून होतं. शुक्रवारी समिती बसतेय. तिला काढून टाकतील. तुम्ही एकदा नीट चौकशी केलीत तर बरं."

"तुला चौकशी पाहिजे, की चौकशी झाली असं म्हणायला पाहिजे?"

डॉक्टरसाहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग हळूच म्हणाले, "तक्रार चष्मेवाल्यांच्या मुलीनं केलीय. ती आपल्याच इस्पितळात सिस्टर आहे. तिला नाव हवंय. बाप डोळे मिटायच्या आत."

३

सिस्टर लहान मुलांच्या वॉर्डात होती. मावशी दारात पोचल्या तेव्हा ती एका तान्ह्या बाळाच्या हातावर वाकलेली होती. बाळाची आई तोंडात पदराचं टोक धरून उभी. सिस्टरच्या हातात केसासारखी बारीक सुई होती. तिनं बाळाशी काहीतरी पुटपुटत ती कधी टोचली आणि कधी काढली, हे बाळालाही कळलं नाही. ते आपलं दिव्याकडे बघत होतं.

"रडलंच नाही!" आई म्हणाली.

"रडायला दुखायला पाहिजे ना," सिस्टर हसली. मग तिला मावशी दिसल्या आणि ते हसू मावळलं.

दोघी बाहेरच्या जिन्यात बसल्या. सिस्टरचे डोळे झोप नसलेल्या माणसाचे होते.

"मावशी, आई गेली तेव्हा मी शाळेत होते. वेणी घालण्यापासून डबा भरण्यापर्यंत सगळं बाबांनी केलं. त्यांच्या वेण्या कशा व्हायच्या विचारू नका. वर्गातल्या पोरी दोरखंड म्हणायच्या. पण केलं. आणि त्या माणसाला एक औषध मिळायचं होतं, ते कुणाच्या तरी हलगर्जीपणानं मिळालं नाही."

"हलगर्जीपणा की मुद्दाम, हे अजून ठरायचंय."

"मला ठरवायचं नाही. मला नाव हवंय." तिनं गुडघ्यांवर मुठी आवळल्या. "ती चिमणी रोज माझ्यासमोरून जाते. 'ताई, बाबा कसे आहेत?' म्हणून विचारते! हिंमत बघा."

"आणि तिनं केलं नसेल तर?"

"मग ज्यानं केलं त्याचं नाव सांगा. त्याच्यासमोर उभं राहून मला एकदाच विचारायचंय, तुझ्या घरी बाप आहे का रे?"

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात सिस्टरनं हलकेच बाजूला केला. नाव मिळेपर्यंत तिला कुणाची माया नको होती.

४

चिमणी रडली नाही. मावशींना त्याचंच नवल वाटलं.

"रडून झालंय," ती म्हणाली. "आई म्हणते, राजीनामा दे आणि मोकळी हो. पण राजीनामा दिला तर केलं असंच होईल ना?"

"त्या सकाळचं आठवतं तुला?"

"आठवतं. वॉर्डातून चार जणांच्या नळ्या एकाच ट्रेमध्ये आल्या. चष्मेवाले काका त्यात आहेत हे नळीवर बघून मला वाईट वाटलं होतं, म्हणून आठवतं. चारही नळ्या मी एकाच वेळी सेंट्रिफ्यूजमध्ये लावल्या. यंत्र गरगर फिरतं, लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळं पाणी राहतं. ते पाणी कुपीत भरायचं. आधी कुपीला चिठ्ठी लावायची, मगच भरायची. दुसरी कुपी तोवर उघडायचीसुद्धा नाही."

"पाणी पिवळंच होतं? गुलाबी नाही?"

"पिवळंच. गुलाबी असतं तर मी टाकून दिलं असतं. तसा नियमच आहे."

"नंतर कुपीला कुणी हात लावला?"

"मी नाही. ती बर्फमामांकडे गेली."

बर्फमामा म्हणजे शीतपेट्यांचे राखणदार. आयुष्यभर गोठलेल्या कुप्यांत वावरलेला हा माणूस मे महिन्यातही स्वेटर घालून हिंडायचा. मावशींना बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"या, या. तुम्ही गेल्यापासून इथलं सगळं थंडच आहे."

"विनोद पुरे, मामा. वीज कधी गेली होती का? कुप्या वितळल्या होत्या का?"

"माझ्या पेटीत?" मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मावशी, माझी बायको म्हणते, घरचं दूध नासतं तिकडे लक्ष नाही आणि पेटीचा काटा हलला की उठून पळता. नाही वितळल्या. आणि चावी माझ्या गळ्यात असते, आंघोळीलासुद्धा." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्या पोरीनं काही केलेलं नाही. कुपी देताना दोन्ही हातांनी धरते, इतकी जपते."

"माझ्या भाचीनं केलं नाही, असं सगळेच मामा म्हणतात."

"भाची नाही हो ती माझी. पण असती तर बरं झालं असतं."

मावशींनी त्यांच्याकडून चष्मेवाल्यांची कुपी मागून घेतली. तळाशी थोडंसं गोठलेलं पाणी उरलं होतं. रक्त बदललं असेल, तर ज्याचं असेल त्याच्या खुणा त्या थेंबात असणारच. मावशींनी चष्मेवाल्यांच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून आणवला आणि तो बोळा व कुपीतला एक थेंब दुसऱ्या इमारतीत, या भानगडीशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाकडे पाठवून दिले.

बुधवारी उत्तर आलं. मावशींनी ते उभ्यानं वाचलं, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं.

कुपीतलं रक्त चष्मेवाल्यांचंच होतं.

५

म्हणजे चोर नव्हताच. कुपी खरी, चिठ्ठी खरी, रक्त खरं आणि आकडा तेवढा खोटा.

डॉक्टरसाहेब हातात डोकं धरून बसले. मावशी खिडकीशी उभ्या होत्या. समोरच्या रस्त्यावर एक फळवाली सफरचंदं तोलत होती. एका पारड्यात सफरचंदं, दुसऱ्यात वजन. मावशी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"अरे," त्या न वळताच म्हणाल्या, "एकवीस नंबर तू कशाशी तोलतोस?"

"म्हणजे?"

"नुसतं एकवीस किती आहे हे यंत्र सांगत नाही. कमी पाणी घेतलं तर कमी दिसेल, जास्त घेतलं तर जास्त. काहीतरी स्थिर लागतं, ज्याच्याशी तुलना करायची. तुझ्या तराजूतलं वजन कोणतं?"

"सोळा नंबर. सगळ्यांच्या रक्तात तो जवळजवळ सारखाच असतो. पुष्कळ जण तोच वापरतात."

"आणि वजनाच्या पारड्यात कुणी गुपचूप भर घातली तर?"

डॉक्टरसाहेबांनी डोकं वर केलं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"तर माल हलका दिसेल," ते म्हणाले.

"सोळा नंबर सगळ्यात जास्त कुठे भरलेला असतो?"

"लाल पेशींत."

"त्या फुटल्या तर सगळा सोळा नंबर पाण्यात उतरतो. वजन वाढतं. एकवीस होता तेवढाच राहतो, पण कागदावर कमी दिसतो. चारशे एक्कावन्न नंबर मोजायला सांग. तो लाल पेशींशिवाय दुसरीकडे फारसा नसतोच. फुटल्या असतील तर तोच सांगेल."

उरलेल्या थेंबात चिमणीनंच तो मोजला, मावशींच्या समोर. आकडा पडद्यावर आला तसे तिघंही वाकून बघू लागले. चारशे एक्कावन्न भलताच चढला होता. बरोबरीला मोजलेला तेवीस नंबर, ज्याला लाल पेशींशी काही सोयरसुतक नसतं, तो जागच्या जागी होता.

"पण पाणी पिवळं होतं!" चिमणी कळवळून म्हणाली.

"होतं ग. थोड्याच पेशी फुटल्या तर रंग बदलत नाही. डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी आकडा बिघडतो." मावशी डॉक्टरसाहेबांकडे वळल्या. "हे तुला ठाऊक होतं?"

डॉक्टरसाहेबांनी मान खाली घातली.

"ऐकलं होतं. प्रत्येक नमुन्याला चारशे एक्कावन्न मोजायचा तर काम दुप्पट होणार होतं. मला वाटलं, डोळ्यांनी बघितलं की पुरे."

"कमी आकडा निघाला म्हणून ज्यांना ज्यांना घरी पाठवलंस, त्या सगळ्यांचे नमुने पुन्हा मोज. आजपासून."

"मोजतो. पण फोडल्या कुणी? यंत्रानं? थंडीनं?"

मावशींनी मान हलवली. पेटीत गेलं ते नुसतं पाणी होतं, लाल पेशी त्यातून आधीच बाजूला काढलेल्या. मग थंडी काय फोडणार? बर्फमामा सुटले. नळी वाटेत हिंदकळली म्हणावं, किंवा यंत्रात बिघडली म्हणावं, तर चार नळ्या एकाच ट्रेमध्ये आल्या होत्या आणि एकाच यंत्रात फिरल्या होत्या. बाकीच्या तिघांचे नमुने मावशींनी त्याच बैठकीत मोजून घेतले. तिघांच्याही पेशी शाबूत होत्या. चिमणी सुटली.

आता उरला एकच क्षण. सुई शिरेत शिरली तो.

"वॉर्डात रक्त कोण काढतं?" मावशींनी विचारलं.

"जी सिस्टर ड्यूटीवर असेल ती," डॉक्टरसाहेब म्हणाले. "त्या दिवशी कोण होती, कोण सांगणार आता?"

सांगू शकेल असा एक माणूस अजून जिवंत होता.

६

चष्मेवाले खिडकीजवळच्या पलंगावर होते. डोळे पिवळे पडले होते आणि हात पांघरुणावर काड्यांसारखे. मावशींना बघताच ते म्हणाले, "चष्म्याची डावी काडी वाकलीय तुमची. काढा इकडे."

"राहू दे हो."

"काढा म्हणतो ना! वाकड्या चष्म्याचा माणूस माझ्यासमोर बसलेला मला खपत नाही."

मावशींनी चष्मा दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपत सरळ केला. त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मावशी त्यांच्याकडे अंधुकच बघत राहिल्या. त्यांना ते बरंच वाटलं.

"ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तुमचं रक्त घेतलं होतं. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? सुई म्हटली की मला घाम फुटतो. दुसऱ्याच्या डोळ्यांत बोट घालायला लागलं तरी मी घाबरत नाही, पण सुई नको. त्यात आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध दिलेलं, तोंडात पाण्याचा थेंब नाही. शिरा पार सुकून गेलेल्या. वॉर्डातल्या सिस्टरनं इथे टोचलं, तिथे टोचलं, काही मिळेना. मी ओरडलो. लहान पोरासारखा ओरडलो, खोटं कशाला बोलू?"

"मग?"

चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं.

"मग माझी लेक आली. कुणीतरी तिला वरून बोलावून आणलं. म्हणाली, 'बाबा, तिकडे बघा आणि दुकानातल्या फ्रेमा मोजा.' मी मोजायला लागलो. मधेच म्हटलं, 'घे की ग लवकर.' तर म्हणते, 'झालं कधीच!' मावशी, कळलंसुद्धा नाही मला. तिच्या त्या बाळांच्या सुईनं घेतलं. एवढीशी सुई आणि एवढी मोठी नळी भरली पठ्ठीनं!"

त्यांनी चष्मा मावशींच्या हातात दिला.

"आयुष्यात एकदाच मला सुई दुखली नाही," ते म्हणाले. "आता घाला. बघा नीट दिसतंय का."

मावशींनी चष्मा घातला. आता सगळं नीट दिसत होतं.

७

त्या रात्री मावशींनी दोन्ही बाळांना आळीपाळीनं मांडीवर घेतलं, पण त्यांचं मन तिथे नव्हतं. सांगितलं नाही, तर शुक्रवारी चिमणीच्या कपाळावर कायमचा डाग बसणार. कुपी बदलली नव्हती एवढंच सांगितलं, तर समिती विचारणार की मग पेशी कुणी फोडल्या, आणि दुसरं नाव नसलं तर बाकीच्या तीन नळ्यांचा दाखला असूनही बोट पुन्हा तिच्याचकडे वळणार. सांगितलं, तर एका लेकीच्या काळजात सुरी खुपसायची, तीही बाप जाता जाता. दोन्हीकडून एका मुलीचा जीव टांगणीला लागला होता आणि मावशींना एकीलाच सोडवता येत होतं.

सकाळी त्या सिस्टरला जिन्यातच भेटल्या.

"सापडलं?" तिनं विचारलं.

"बस आधी. रक्त तुझ्या बाबांचंच होतं. कुणी बदललं नव्हतं."

मावशींनी तिला तराजूचं सांगितलं, सोळा नंबरचं सांगितलं. सिस्टर भराभर मान डोलावत ऐकत होती. तिला समजावायला फार वेळ लागला नाही.

"म्हणजे लाल पेशी फुटल्या! पहिल्याच वर्षी शिकवतात आम्हाला, मावशी. बारीक सुईतून जोरानं ओढलं की पेशी चिरडतात. सुई न काढता तसंच नळीत ढकललं की आणखी चिरडतात. एवढं साधं कळू नये? कोण होती ती? कुणी एवढ्या जोरानं..."

मावशी तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी नजरही वळवली नाही.

सिस्टर बोलता बोलता थांबली. खालच्या बोळातून कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, तिचा खडखडाट विरेपर्यंत ती तशीच बसून होती.

"शिरा मिळत नव्हत्या," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "ते ओरडत होते. मला वरपर्यंत ऐकू आल्यासारखं झालं. मी बाळांची सुई घेऊन गेले. बाळाचं थोडंसंच घ्यायचं असतं, हळूहळू येतं. ती नळी मोठी होती. येईचना. मी सिरिंजचा दट्ट्या ओढून धरला. खूप ओढला. हात दुखला माझा." मग ती म्हणाली, "त्यांना दुखू नये म्हणून."

"हो, बाळ."

"माझंच नाव."

"तराजू तू निवडला नव्हतास. पेशी फुटल्यात का हे बघायची सोय होती, ती ज्यांनी केली नाही त्यांचा दोष तुझ्याहून मोठा आहे. मी त्यांना तोंडावर सांगून आलेय, समितीतही सांगणार आहे."

"औषध मिळालं असतं तर ते वाचले असते?"

"ठाऊक नाही. औषध घेतलेल्यांचाही रोग उलटतो. वाचले असते असं मी म्हणणार नाही, नसते वाचले असंही म्हणणार नाही. तुझं समाधान करायला मी खोटं बोलणार नाही."

"मग कशाला आलात?" सिस्टर एकदम ओरडली. "कशाला सांगितलंत मला हे?"

"त्या पोरीसाठी," मावशी म्हणाल्या.

सिस्टरनं दोन्ही हात तोंडावर घेतले. या वेळी मावशींनी तिच्या पाठीवर ठेवलेला हात तिनं बाजूला केला नाही.

८

दुपारी ती बापाच्या पलंगाशी बसली. मावशींना तिनं दारात थांबायला सांगितलं होतं. एकटीला धीर होत नव्हता. तिनं बाबांना सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. सुई, नळी, आकडा, न मिळालेलं औषध. सांगताना ती त्यांच्या हाताकडे बघत होती, तोंडाकडे नाही.

चष्मेवाल्यांनी डोळे मिटले होते. झोपले असं वाटलं. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "म्हणजे तू त्या चिमणीला उगाच बोललीस?"

"बाबा, मी काय सांगतेय तुम्हाला..."

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून." त्यांना दम लागला. "तुझं माझं आपण बघू. मी तुझ्यावर रागावणार नाही, ते मला जमत नाही, कधी जमलंच नाही. पण परक्याच्या लेकीला तू दोष दिलास. चार लोकांसमोर दिलास. मग चार लोकांसमोरच परत घे."

"घेईन."

"कधी?"

"उद्या."

"उद्या कशाला? ती आहे ना खाली?"

सिस्टर उठली. दारात मावशींना ओलांडून ती जिना उतरली. प्रयोगशाळेच्या बाहेर बाकावर चिमणी होती, बर्फमामा तिला चहा घे म्हणून आग्रह करत होते. सिस्टर तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आपण कुणासमोर तरी असं उभं राहणार आहोत, हे तिनं कितीदा मनात घोकलं होतं.

चिमणीच उठली. "ताई, बाबा कसे आहेत?"

सिस्टरनं तिचे दोन्ही हात धरले आणि जे सांगायचं ते तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत सांगितलं. अर्ध्यावर चिमणी रडू लागली. बर्फमामा भिंतीकडे तोंड करून चहाचा कप विसळत राहिले, आणि त्यांच्याजवळ पाणी नव्हतं.

शुक्रवारी समितीसमोर सिस्टरनं तेच पुन्हा सांगितलं. डॉक्टरसाहेबांनीही आपली चूक कबूल केली, मावशींनी डोळे वटारायच्या आतच. चिमणीला कामावर ठेवलं. जुने नमुने पुन्हा मोजले, तेव्हा आणखी दोघांचे आकडे खोटे निघाले. त्यातल्या एका बाईचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तिला बोलावून औषध सुरू केलं. दुसऱ्याचा रोग तोवर उलटला होता. त्याच्या घरी जाऊन सांगायचं काम डॉक्टरसाहेबांनी स्वतःकडे घेतलं.

सिस्टरनं रजा काढली आणि ती बापाजवळ राहिली. शेवटच्या दिवसांत त्यांना ग्लानी असे. शुद्ध आली की ते तिला विचारत, जेवलीस का. वेदनेचं इंजेक्शन द्यायला वॉर्डातली दुसरी सिस्टर यायची. तिच्या हातून सुई दुखायची, आणि ते ओरडायचे. तेवढा वेळ लेक दाराबाहेर जाऊन उभी राहायची. एकदा ते म्हणाले, "तूच दे ना." तिनं मानेनं नाही म्हटलं. ते पुन्हा म्हणाले, "दे ग. मला तुझ्याच हातची पाहिजे." तेव्हापासून तीच देऊ लागली.

चष्मेवाले मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारच्या वेळी वारले.